टपरीला चाकं आहेत

आज २६ जून, जागतिक अमली पदार्थविरोधी दिन. सकाळपासून ग्रुपवर व्यसनविरोधी रॅलीचे फोटो येतायत. फलक, घोषणा, शपथ, आणि दुपारीच अहवाल तयार: 'उपक्रम यशस्वी.' कशावरून? पटावर जितकी मुलं, तितक्या शपथा झाल्या म्हणून.

एका फोटोत शाळेच्या फाटकाशेजारी नुसत्या चार विटा दिसतायत. त्या टपरीच्या चाकांना लावायच्या विटा. कोटपा, म्हणजे तंबाखू नियंत्रण कायद्याने शाळेपासून १०० यार्डांत, म्हणजे ९१ मीटरांच्या आसपास, तंबाखू विकायला बंदी आहे. म्हणून रॅलीपुरती टपरी ती हद्द दाखवणाऱ्या पिवळ्या पट्ट्यापलीकडे ढकलली. तपासणीवालेही नेमके आजच आले, 'परिसर तंबाखूमुक्त' लिहून चहा पिऊन गेले. विटा कुणाच्या, कुणी विचारलं नाही.

अरे, मुलांचं व्यसन कमी झालं का, ते मोजा ना नीट! कार्यक्रमाआधी एकदा, वर्षाने त्याच महिन्यात पुन्हा. 'व्यसन करतोस का?' विचारलंत की सगळे 'नाही' लिहिणार, कारण मावा खाणं हे व्यसन आहे असं त्यांना वाटतच नाही. 'गेल्या ३० दिवसांत किती दिवस?' असं विचारा. मावा, गुटखा, बिडी, दारू, प्रत्येकाचं वेगळं. कागदावर नाव नको, हजेरी क्रमांक नको. आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेतला दिवस, मोठ्या भावंडांची संख्या, एवढा कोड मुलानेच लिहायचा. पुढच्या वर्षी कागद जुळतात. वर्गशिक्षक वर्गाबाहेर. यादीत अस्तित्वातच नसलेल्या नशेचं एक नाव घुसवा. तीही केली म्हणणाऱ्याचा कागद बाजूला.

आणि त्या दिवशी गैरहजर असलेली, शाळा सुटलेली पोरं? खरा धोका तिथे. त्यांना वगळलं की आकडा आपोआप गोड होतो.

सातवीतली मुलं आठवीत गेली की वापर तसाही थोडा वाढतो. चांगला कार्यक्रम ती वाढ कमी करतो. हे कळायला कार्यक्रम न झालेल्या, तशाच शाळा शेजारी ठेवून बघाव्या लागतात. दोन शाळांतली दोन हजार मुलं मोजली तरी तुलना दोनाचीच, कारण एका शाळेची पोरं एकाच टपरीवर जातात. अमेरिकेत १९८३ पासून पोलीस वर्गात येऊन 'डेअर' हा व्यसनविरोधी कार्यक्रम शिकवायचे. पालक खूश, पोलीस खूश. अशी तुलना केल्यावर टिकणारा फरक जवळपास सापडला नाही.

रॅलीने गावात विषय निघतो, हे मान्य. बरं, मास्तरांवर तरी किती चिडायचं? जनगणना त्यांनी करायची, निवडणूक त्यांनी करायची, वर हे फोटो अपलोडही त्यांनीच. टपरीवाल्याचंही पोट त्या बरण्यांवर आहे. गोळ्या-बिस्किटांवर भागलं असतं तर त्याने पुड्या ठेवल्या नसत्या कदाचित.

पण तपासणी तारीख सांगून करू नका. कुठल्याही मंगळवारी, मधल्या सुट्टीत, टेप घेऊन जा. शाळेच्या कुंपणापासून मोजा, फाटकापासून नव्हे. टपरीमागच्या रिकाम्या पुड्या मोजा. आणि चाकांना विटा लावल्यात का, तेवढं वाकून बघा.