मेलमध्ये ओळ मोडायचं काम वाचणाऱ्याच्या स्क्रीनवर सोडा

कळकळीने सांगतोय, मेल लिहिताना प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारू नका. परिच्छेद संपला की मारा, मधे नको.

आमच्या ऐरोलीत सोसायटीच्या नोटिसा आता मेलवर येतात, कुणीतरी कॉम्प्युटरवर नीट टाइप करतं, ओळी एकसारख्या दिसाव्यात म्हणून स्वतःच तोडतं, आणि शेजारचे काका तीच नोटीस फोनवर फॉन्ट मोठा करून उघडतात तेव्हा त्यांना असं दिसतं:

सर्व सभासदांना कळविण्यात येते
की येत्या
रविवारी पाण्याच्या टाक्या साफ
करायच्या
असल्याने सकाळी पाणी येणार
नाही.

ज्याची नजर अधू त्यालाच सगळ्यात जास्त त्रास, मला याचाच राग येतो.

एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर टाइप करायच्या प्रोग्राममध्ये, ओळ दोन प्रकारे मोडते. नोटपॅडचं वर्ड रॅप फक्त दाखवण्यापुरतं मोडतं, फाइलमध्ये काहीच घालत नाही, खिडकी लहान-मोठी करा, ओळी आपोआप सरकतात. विम या एडिटरमध्ये टेक्स्टविड्थ, म्हणजे ओळीची लांबी, ७२ अक्षरं ठेवलं की मात्र तो टाइप करताकरता खरोखरची नवी ओळ घालतो आणि ती मेलबरोबर जाते. मेलसाठी ते शून्य करा, रॅप आणि लाइनब्रेक ही सेटिंग चालू ठेवा म्हणजे शब्द मधेच तुटत नाही. आधीच तुटलेला परिच्छेद असेल तर तो निवडून कॅपिटल जे दाबा, सगळ्या ओळी जोडल्या जातात.

आता आमच्या कॉम्प्युटर फील्डमधले लोक म्हणतील की अरे ७२ हा तर जुना शिष्टाचार आहे. आहेच, आणि त्याला कारणही होतं, टर्मिनल, म्हणजे जुने फक्त अक्षरं दाखवणारे स्क्रीन, ओळीला ८० अक्षरांचे होते आणि उत्तर देताना प्रत्येक ओळीपुढे ते > बाणाचं चिन्ह लागायचं, त्याला जागा हवी. २००८ च्या आरएफसी ५३२२ मध्येही (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) ओळ ७८ अक्षरांत ठेवा असा सल्ला आहे आणि ९९८ ही सक्तीची मर्यादा. पण ती मर्यादा पाळायचं काम मेल प्रोग्रामचं! आणि मराठीत तर हा मुद्दा उरतच नाही, कारण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह, मात्रा आणि वेलांटीसुद्धा, ३ बाइट घेतं, आणि ते बाइट साध्या इंग्रजी अक्षरांच्या पलीकडचे असतात, म्हणून असा मजकूर बहुतेक वेळा बेस६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल करून, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांत बदलून, पाठवला जातो, त्याचे ७६ अक्षरांपर्यंतचे तुकडे पडतात आणि पलीकडे ते परत जोडले जातात. वाटेतल्या त्या ओळींचा आणि तुम्ही मारलेल्या एंटरचा काही संबंध नाही, तुमचा एंटर मात्र जसाच्या तसा पोचतो.

२००४ च्या आरएफसी ३६७६ मध्ये यावर छान तोडगा होता, ओळीच्या शेवटी एक स्पेस ठेवली की ती ओळ पुढच्या ओळीला जोडून दाखवायची. सगळ्या मेल अ‍ॅपनी ते मनावर घेतलं असतं तर ही पोस्ट लिहावीच लागली नसती.

पत्ता, कविता, कोड यांच्या ओळी तोडा, तिथे ओळीला अर्थ आहे. लिनक्स कर्नलला (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मेलने पॅच, म्हणजे कोडमधले बदल, पाठवणाऱ्यांचं तर उलटंच दुखणं, प्रोग्रामने आपल्या मनाने एक ओळ जरी मोडली तरी पॅच लागत नाही.

कमिटीवाल्यांनो, एजीएमची नोटीस पाठवायच्या आधी एकदा स्वतःलाच मेल करा, फोनचा फॉन्ट सगळ्यात मोठा करा आणि वाचून बघा, मगच सगळ्यांना पाठवा.