केस गळतायत? आधी कशामुळे ते बघा

सध्या एक संदेश सगळीकडे फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘केस गळतात ते मुळं कमजोर झाल्यामुळे. विज्ञानाकडे यावर औषध नाही, मिनॉक्सिडिल या डोक्याला लावायच्या औषधाने तर उलट जास्तच गळतात. तपासण्या म्हणजे पैसे उकळायचा धंदा. एकदा डोकं भादरा, कांद्याचा रस चोळा, बायोटिन घ्या.’ पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण एकेक दावा घेऊन बघू.

‘मुळं कमजोर झाली’ हे निदानच नव्हे. मोठा ताप, बाळंतपण किंवा शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी फणीत गुंतवळाचा गोळा येऊ लागतो, तेव्हा केशकूप, म्हणजे केस जिथून उगवतो ती त्वचेतली पिशवी, शाबूतच असतात. बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत गेलेले असतात, इतकंच. मूळ कारण सरलं की ही गळती बहुधा सहाएक महिन्यांत आपोआप थांबते. आनुवंशिक टकलाची गोष्ट वेगळी: तिथे डीएचटी या संप्रेरकाच्या परिणामाने केशकूप वर्षानुवर्षं आकसत जातात. चाई पडते, म्हणजे डोक्यावर गोल चट्ट्यांत केस जातात, तेव्हा शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. आणि लायकेन प्लॅनोपिलॅरिससारख्या आजारात दाहामुळे केशकूप नष्ट होऊन त्या जागी व्रण उरतो. तिथले केस परत येत नाहीत, औषधाने वाचवायचे ते उरलेले. टाळूची आग होतेय, दुखतेय, मध्येच गुळगुळीत चकचकीत चट्टे दिसतायत, अशा माणसाने घरगुती उपायांत घालवलेला प्रत्येक महिना महाग पडतो. माझा या संदेशावरचा खरा राग याच कारणाने आहे.

तपासण्यांचं म्हणाल, तर सरसकट ढीगभर रक्ततपासण्या करायची गरज नसते, एवढं मान्य. पण ट्रायकोस्कोपी म्हणजे टाळू भिंगाखाली बघणं. त्यात सुई टोचावी लागत नाही. चाईमध्ये मुळाशी निमुळते, टोकाला जाड असे उद्गारचिन्हासारखे केस दिसतात. आनुवंशिक टकलात शेजारशेजारच्या केसांच्या जाडीत फरक दिसतो. व्रणाच्या प्रकारात केशकूपांची तोंडंच बुजलेली असतात. तरीही शंका उरली तर त्वचेचा छोटा तुकडा काढून बायोप्सी करतात.

‘औषध नाही’ हे चाईच्या बाबतीत काही वर्षांपूर्वी कदाचित खपून गेलं असतं. जून 2022 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या औषधाला मान्यता दिली. निम्म्याहून अधिक केस गेलेल्या प्रौढांवर त्याच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या होत्या. रोज 4 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी 35 ते 39 टक्के लोकांच्या टाळूचा किमान 80 टक्के भाग 36 आठवड्यांत केसांनी भरला. औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हेच प्रमाण 3 ते 6 टक्के होतं. 2023 मध्ये 12 वर्षांवरील रुग्णांसाठी रिटलेसिटिनिब आलं, 2024 मध्ये ड्यूरुक्सोलिटिनिब. ही औषधं प्रतिकारशक्तीला आवर घालतात. त्यामुळे गंभीर जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या असे धोके असतात आणि औषध बंद केल्यावर अनेकांची चाई परतते. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायची ही औषधं नव्हेत, पण ‘औषध नाही’ हे आता साफ खोटं आहे.

मिनॉक्सिडिलबद्दलचं वाक्य अर्धंच खरं आहे. सुरुवातीचे काही आठवडे गळती वाढू शकते, कारण विश्रांतीतले जुने केस बाहेर ढकलले जातात. नेमके इथेच लोक घाबरून बाटली फेकतात. परिणाम जोखायला चार-सहा महिने तरी लागतात. ‘सोडलं की पुन्हा गळतात’ हा आक्षेपही असतोच. हे मुळात रक्तदाबाचं औषध. आणि रक्तदाबाची गोळी सोडली की रक्तदाब पुन्हा वाढतो, म्हणून तिला कुणी थोतांड म्हणत नाही.

डोकं भादरल्याने केस दाट होत नाहीत. वस्तरा केसाच्या निर्जीव भागावर फिरतो, केशकूपाला त्याचा पत्ताही नसतो. कांद्याच्या रसावर 2002 मध्ये एक छोटा अभ्यास झाला खरा, पण तो चाईच्या चट्ट्यांवर होता, आणि असे चट्टे पुष्कळदा आपोआपही भरतात. आनुवंशिक टकलाला त्यातून काहीच आधार मिळत नाही.

उरलं बायोटिन, म्हणजे एक जीवनसत्त्व. त्याची खरी कमतरता क्वचितच आढळते. ती नसताना गोळ्यांनी केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. उलट, जास्त मात्रेत ते थायरॉइडच्या आणि हृदयविकाराचा झटका ओळखणाऱ्या ट्रोपोनिनच्या चाचण्यांचे निकाल चुकवू शकतं. एफडीएने 2017 मध्येच तसा इशारा दिला होता. गोळ्या चालू असतील तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना तेवढं सांगा.