जांभळ्याचं काय बिनसलं?

जांभळ्या फुलांचं जलरंगातलं चित्र स्कॅन करून पाठवलं आणि उत्तर आलं, "निळी फुलं गोड आहेत हो!" निळी! कागदावर चांगली रसरशीत जांभळी, पडद्यावर शाळेच्या गणवेशासारखी निळी. मागचा फिकट पिवळा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, तर साफ गायब.

त्यात भाऊजी आलेले. त्यांना स्कॅनरमधलं काही कळत नाही, पण त्यावाचून त्यांचं कधी अडलेलं नाही.

"वायर ढिली असेल."

"वायर ढिली असती तर स्कॅनच झालं नसतं, भाऊजी."

"मग जांभळा तेवढा येत नसेल तिच्यातून."

त्यांनी झाकण उघडलं, आत डोकावले, काचेवर अंगठा घासून पाहिला. (तो ठसा पुढच्या स्कॅनमध्ये आला. अचूक रंगात.) मग स्कॅन स्वतःच्या मोबाईलवर मागवून घेतला. तिथे फुलं आणखीच भडक निळी. ताईच्या मोबाईलवर नाइट मोड चालू, म्हणून करडी. दोन्ही मोबाईल चित्राच्या दोन बाजूंना धरून, मान तिरकी करून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला.

"जांभळा कुठेच नाही. म्हणजे चूक चित्रात आहे."

"अहो, चित्र समोर आहे ना!"

"तेच म्हणतोय. एकटं पडलंय ते. तू असं कर, फुलं निळी रंगव. स्कॅन आपोआप बरोबर ठरेल."

हसायचं तरी कसं? स्कॅनरवाल्यांचं म्हणणं वेगळं कुठे आहे! ऑटो कलर करेक्शन नावाचा आगाऊपणा बऱ्याच स्कॅनरांत आधीपासूनच चालू असतो. कागदावर पिवळसर झाक दिसली की त्याला वाटतं कागद जुना झालाय, आणि तो धुऊन पांढराशुभ्र करतो. माझा वॉश असा गेला. ते बंद केलं तर चित्र मरगळतं. मग म्हणे प्रोफाइल बनवा, म्हणजे स्कॅनर कुठला रंग किती चुकवतो त्याची नोंद. त्यासाठी आयटी-8 नावाचं कार्ड लागतं. त्यावर 264 रंगीत चौकोन आणि खाली करड्या छटांची पट्टी. कार्ड बहुधा वेगळं विकत घ्यायचं, उजेडात ठेवायचं नाही, नाहीतर तेच विटतं. सोबत त्याच्या मोजमापांची फाइल येते. चौकोन मुळात कसे आहेत आणि स्कॅनरला कसे दिसले, यातल्या फरकावरून आयसीसी प्रोफाइल तयार होतं. शिवाय मॉनिटरचा पांढरा रंग 6500 केल्व्हिनला लावा, ते निराळंच.

एवढं करून पिवळा परत आला, लाल सुधारला, करडा तर नमुनेदार. जांभळा? किंचित हलला, बस्स. कारण कार्ड फोटोपेपरवरचं, त्यातला जांभळा फोटोच्या डायचा. माझं रंगद्रव्य निराळं. स्कॅनरचा सेन्सर माणसाच्या डोळ्यासारखं पाहत नाही, त्यामुळे आपल्याला सारखे वाटणारे दोन जांभळे त्याला वेगळे दिसू शकतात. शेवटी त्या निळ्याला हातानेच जांभळ्याकडे ढकलावं लागतं. म्हणजे पैसे यंत्राला आणि राबायचं मी. खोक्यावर मात्र ठसठशीत '48 बिट रंग'. हिशेब केला तर 281 लाख कोटींहून जास्त छटा होतात. त्यात एक जांभळी सापडू नये?

भाऊजींनी तोवर पाकिटातून स्वतःचा पासपोर्ट फोटो काढून काचेवर ठेवला होता.

"एवढा करून दे. आणि ते करेक्शन का काय ते, चालू राहू दे हं."