२८ मिमीच का? बेळगावचा किल्ला टेबलावर मांडून बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणी टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळायला लागलं की त्याला एकच सल्ला मिळतो: “सैनिक २८ मिमीचेच घ्या. लढाई खरी दिसते, माप सगळीकडं सारखं असतं, रंगवायलाही सोपं.” यातलं एकही कारण मला पटत नाही.

“खरी दिसते” हे सगळ्यात फसवं. २८ मिमी ही सैनिकाची उंची, म्हणजे साधारण १:६०, खऱ्याच्या साठावा भाग. १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या थॉमस मन्रोनं बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला, तो मांडायचा ठरवा. तटाचा नुसता अर्धा किलोमीटर या मापात आठ मीटरांच्या वर जातो. शहापुरातल्या कुठल्या सोप्यात एवढी जागा आहे? त्या काळच्या बंदुकीचा उपयोगी पल्ला ९० मीटर धरला तर तो दीड मीटर होतो. सहा बाय चार फुटांच्या टेबलाची रुंदीही त्याला पुरत नाही. म्हणून नियमांत पल्ला आखडता घ्यावा लागतो. सैनिक उंच, जमीन आखूड. दिवाळीत आपल्या गल्लीतल्या किल्ल्यावर मावळा बुरुजाएवढा असतो, तसंच हे. तिथं ते शोभतं, कारण मावळा डोळे भरून बघायचा असतो. वेढ्यात मात्र तोफा कुठं लावायच्या, खंदकापर्यंत उघड्यावर किती चालावं लागेल, हे नजरेला कळलं पाहिजे. ६ मिमीत, म्हणजे १:३०० ला, तोच पल्ला ३० सेंटीमीटर आणि तोच तट पावणेदोन मीटरांच्या आत.

माप सारखं असतं म्हणणाऱ्यांनी दोन कंपन्यांचे सैनिक शेजारी उभे करावेत. कुणी तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजतं, कुणी डोक्यापर्यंत. कुणी डोकी आणि हात मुद्दाम जाड करतं.

रंगवण्याचं तर उलटंच आहे. २८ मिमीत डोळे, पट्टे, बटणं सगळं दिसतं, म्हणून सगळं करावं लागतं. ६ मिमीत अंगरखा, पागोटं, कातडीचा रंग, बस्स. दोन फुटांवरून तुकडी उठून दिसते.

राजहंसगडाच्या दरवाजावर वीस-पंचवीस जणांची चकमक खेळायची असेल तर २८ मिमी जरूर घ्या. तिथं एकेक माणूस महत्त्वाचा. वेढा किंवा मैदानी लढाई असेल तर १५ किंवा ६ मिमी. पैसे घालण्याआधी पुठ्ठ्याचे तुकडे बेसच्या, म्हणजे सैनिक ज्यावर चिकटवतात त्या तुकड्याच्या, मापानं कापा, टेबलावर मांडा आणि त्यांच्यावरच एक अख्खा डाव खेळून घ्या.