बैलजोडीच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय : आमच्या दुकानातून घेतलेली मातीची बैलजोडी पहिल्याच पावसात विरघळली, एकाचे कान गळाले, पैसे पाण्यात गेले, आणि वर तुमच्या मुलांनी मालाला हात लावला म्हणून दुकानातल्या पोरानं त्यांना दटावलं.

आधी माझी चूक सांगतो. ही जोडी कच्च्या मातीची, भाजलेली नव्हे. आमच्या पोरानं "बाहेर ठेवली तरी चालते" एवढंच सांगितलं, "छपराखाली" हा शब्द खाल्ला. बिलावरही तसं लिहिलेलं नव्हतं. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची माती म्हटलं की लोकांना कौलं नि मडकी आठवतात, खादी ग्रामोद्योगचं कुंभारकाम शिकवणारं केंद्रही इथंच आहे. तेव्हा सगळं भट्टीतूनच येत असणार, असा तुमचा समज झाला तर नवल नाही. पण साडेतीन फुटी भरीव बैल भट्टीत घातला तर आतली वाफ त्याला फोडते. भाजायचा तर आतून पोकळ घडवावा लागतो, ते काम वेगळं आणि किंमतही वेगळी. मण्णेत्तिन अमावास्येला, म्हणजे मातीच्या बैलांच्या सणाला, आपण पुजतो ते बैलही कच्चेच की ओ, पण त्यांना कोणी अंगणात ठेवत नाही.

आता तुमच्या फोटोंबद्दल. बैल पांढरेशुभ्र चमकतायत. आम्ही दिले तेव्हा ते तांबडे होते. त्यांच्यावर ऑइल पेंट मारलाय ना? माती खालून नि भेगांतून ओल ओढते आणि ऊन पडलं की ती बाहेर सोडते. वर रंगाचा पापुद्रा बसला की ओल आतच कोंडते, आणि मग पापुद्रा सुटताना मातीही घेऊन सुटतो. तुम्ही वरून घट्ट बांधलेल्या ताडपत्रीनंही तेच केलं, आत घाम धरला. सिमेंटचा गिलावा मात्र कृपा करून करू नका, कोणी कितीही सांगू दे.

आपल्याकडच्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंतींनी इतके पावसाळे काढले, ते मातीच्या जोरावर नव्हे. खाली दगडी जोतं, वर दोन-अडीच हात पुढं आलेलं छप्पर, पागोळ्या भिंतीपासून लांब पडायच्या. बैलांना तेवढंच लागतं. तुमचे बैल थेट लॉनवर बसलेत.

मुलांचं म्हणाल तर दुकानात पाटी आहे, कन्नडमध्ये "मुट्टबेडि" आणि मराठीत "हात लावू नका". कान नि शिंगं पातळ असतात, तिथंच हात जातो आणि तिथंच तुकडा पडतो. तरी पोरगा तुसडेपणानं बोलला असेल तर त्याच्या वतीनं मी माफी मागतो. आता एक भाजलेलं वासरू दारात ठेवलंय, खास मुलांनी हाताळायला.

दिवाळीनंतर जोडी कोरडी झाली की मी स्वतः येतो. त्याच मातीत वाळू, भाताचं तूस नि शेण मळून कान बसवून देतो, वर चुन्याची निवळी मारतो. मजुरी घेणार नाही. दगडी ओटा नि छप्पर मात्र तुम्हाला करून घ्यावं लागेल. तोवर ताडपत्री काढा, चार बांबूंवर पत्रा टाका आणि बाजू मोकळ्या ठेवा. पश्चिमेकडून झड येते, तिथं तेवढा आडोसा करा. आणि रंग आत्ता खरवडू नका, ओल्यात ओढला तर उरलेले कानही हातात येतील.