तक्त्यात बसेल इतकंच जगा

दरवर्षी जिल्हा सांख्यिकी कार्यालय 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' नावाचं पुस्तक काढतं. तुम्ही ते वाचलेलं नसणार. तुमच्या आमदारांनीही वाचलेलं नसतं, पण भाषणात फेकलेले दोन आकडे त्यातलेच असतात. माणसं, पाऊस, पिकं, गुरं, शाळा, दवाखाने, रस्ते, बँका, टपाल कचेऱ्या… जिल्ह्यात जे जे मोजता येतं ते सगळं तालुकावार तक्त्यांत मांडलेलं. वाचून झाल्यावर वाटतं, जिल्ह्याचं उत्तम चाललंय, आपलंच काहीतरी बिनसलंय. अगदी बरोबर ओळखलंत. तक्ता काही बदलणार नाही, त्यामुळे बदलायचं ते तुम्हीच. खालचा सल्ला बीड जिल्ह्यातल्या वाचकांसाठी आहे. परभणी, जालना, हिंगोलीकरांनी तालुक्यांची नावं बदलून तोच वापरावा, फार फरक पडणार नाही.

आधी तुमची संख्या पाठ करा : २५,८५,०४९. ही २०११ च्या जनगणनेतली. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुस्तकाचं मुखपृष्ठ दरवर्षी नवं आणि आतली माणसं तीच. मधल्या काळात औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेवढं मात्र बदलून घेतलं. तेव्हा २०११ नंतर घरात पोर झालं असेल तर त्याला जपून मिरवा. आता त्याला मिसरूड फुटायला लागली असेल, पण सरकारी हिशेबात ते अजून जन्माला यायचंय. साध्या भागात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा नियम आहे. ते तीस हजार २०११ चे. तुम्ही त्यानंतरचे असाल तर ताप आल्यावर आधी रांगेत चौकशी करा, २०११ चं कुणी मागे राहिलंय का. त्यांचं झालं की मग सुई टोचून घ्या. शिष्टाचार म्हणून.

आता तारखांकडे या, कारण खरी गंमत तारखांत आहे. २०११ ची माणसांची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीला. फेब्रुवारीत बीड जिल्हा कुठे असतो, हे तुम्हाला सांगायला नको. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर तेव्हा म्हातारी माणसं आणि कुलपं असतात. बाकीचा जिल्हा ऊस तोडायला सांगली, कोल्हापूर, सातारा आणि कर्नाटकात गेलेला, दिवसा उसाच्या फडात, रात्री कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत. मोजणीच्या सगळ्या काळात माणूस घरी नसेल तर तो जिथे सापडेल तिथे मोजायचा, असा जनगणनेचा नियम आहे. म्हणजे तुम्ही मतदार बीडचे, रेशनकार्ड बीडचं, कर्ज बीडचं, आणि डोकं मात्र सांगलीच्या खात्यावर. तक्रार करू नका. पाहुण्यांच्या घरची लोकसंख्या वाढवायला आपण कामी आलो, यातही पुण्य आहे.

शाळेची तारीख वेगळी. पटाची माहिती ३० सप्टेंबर ही तारीख धरून भरली जाते. दसऱ्याच्या आसपासपर्यंत ऊसतोडीच्या टोळ्या गावातच असतात, त्यामुळे त्या दिवशी पोरं वर्गात असतात आणि पट भरलेला. दिवाळीनंतर टायरगाडीत भांडीकुंडी पडतात, भांड्यांवर पोरं बसतात, आणि पट तसाच भरलेला राहतो. जिल्ह्याच्या पोरांची ही कमाल आहे : सप्टेंबरात ती बीडमध्ये शिकतात आणि फेब्रुवारीत कोल्हापूरकडच्या शिरोळमध्ये मोजली जातात. पालकांना एवढाच सल्ला की पोराला सोबत न्यायचं असेल तर १ ऑक्टोबरनंतर न्या. त्याआधी नेलंत तर शिक्षकाची जागा जाईल आणि ते पाप तुमच्या माथी बसेल. हंगामी वसतिगृहं आहेत हे मला माहीत आहे. तिथे पोर ठेवून गेलात तर ते पोर तक्त्यात आणि शाळेत एकाच वेळी सापडेल, आणि मग असल्या लेखाला विषय उरणार नाही.

(पटाचा विषय निघालाच आहे तर नांदेडचं स्मरण करू. २०११ साली तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी एकदम पटपडताळणी घेतली. एकच पोरगं दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावली. मग तीच पडताळणी राज्यभर झाली. शाई वाळायच्या आत किती तुकड्या नाहीशा झाल्या, ते शिक्षण खात्यातल्या एखाद्या जुन्या माणसाला चहा पाजून विचारा.)

काम करता का, हाही प्रश्न जनगणना विचारते. वर्षात सहा महिने किंवा त्याहून जास्त काम केलं तर 'मुख्य काम करणारे', कमी केलं तर 'सीमांतिक'. गाळप साडेपाच महिन्यांत आटोपलं तर तुम्ही सीमांतिक राहाल, म्हणून गावी परतल्यावर उरलेले पंधरा दिवस रोजगार हमीच्या खड्ड्यावर काढा आणि मुख्य व्हा. बाईनं पहाटे तीनला उठून चूल पेटवली, भाकरी थापल्या, पाणी आणलं, लेकरू पाठीला बांधलं, तर हे काम नाही. मोळी डोक्यावर घेतली की तिथून काम सुरू.

यातून जो घोटाळा होतो तो मुकादमाच्या, म्हणजे ऊसतोडीची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत होत नाही. सांख्यिकी अधिकाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये, पण जिल्ह्यातली एकमेव ताजी आकडेवारी मुकादमाकडे असते. कुठल्या तांड्यावरून किती कोयते निघाले, कुणाची उचल म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम किती, किती फिटली, कामावर न आल्याचे खाडे किती पडले, कुणाचा बैल लंगडतो, सगळं तोंडपाठ. तिथे मोजायचं एकक माणूस नाही. नवराबायको मिळून एक कोयता. दोन जिवांची एक नोंद, शिवाय कुणी आजारी पडलं की खाड्याची वेगळी नोंद. बाईची पाळी, बाईचं बाळंतपण, सगळं खाड्यातच जमा. मग दवाखान्यात कुणी सांगतं, पिशवीच काढून टाका, कटकट जाईल. हे कुठल्याच नेहमीच्या तक्त्यात सापडेना, तेव्हा २०१९ मध्ये विधान परिषदेच्या उपसभापतींच्या अध्यक्षतेखाली समिती बसवावी लागली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांना विचारलं. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक. यावर मला सल्ला सुचत नाही, पुढच्या तक्त्याकडे जाऊ.

पावसाचा तक्ता. वावर घेताना लोक माती बघतात, विहीर बघतात, रस्ता बघतात. चुकतात. पर्जन्यमापक यंत्र कुठे आहे ते बघा. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी, आणि मंडळाचा पाऊस म्हणजे यंत्रावर पडलेला पाऊस. तुमच्या बांधावर पडलेला तो तुमचा खासगी. ओढ्याच्या अलीकडे ढग फुटून सोयाबीन गुडघाभर पाण्यात उभं राहतं, पलीकडे यंत्राजवळ कुत्रं अंग झटकून कोरडं होतं. मग बांधावर जो संवाद होतो तो दरवर्षीचा :

"आबा, मंडळात चौसष्ट पडलाय. पासष्ट लागतंय."

"एकच कमी पडला व्हय? मग माझ्या वावरातला घ्या की भरून."

आबांचं चुकतं. निकष म्हणजे निकष. पुढे २०२३ मध्ये सरकारनं 'सततचा पाऊस' हीसुद्धा आपत्ती धरली, पण सतत म्हणजे किती सतत, यालाही निकष आहेत. तुम्हाला सतत वाटून उपयोग नाही. आणि वर्षाअखेरीस या सगळ्याची सरासरी निघते. जुलैत पिकं माना टाकतात, सप्टेंबरात सिंदफणा घरात शिरते. २०२५ ला शिरूर कासारच्या लोकांनी ते पाहिलंच. दोन्हींची बेरीज केली की तक्त्यात पाऊस झकास. तुम्ही एकदा वाळून आणि एकदा कुजून मेलात, तर सरासरीनं तुम्ही जिवंत आहात.

पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज, ही तर शेतकऱ्यानं देवघरात लावावी अशी चीज आहे. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या खाली आली तर दुष्काळी सवलती : शेतसाऱ्यात सूट, पोरांची परीक्षा फी माफ, कृषीपंपाच्या बिलात सवलत. वर गेली तर तुम्ही सुखी. नजरेत सुखी, सुधारणेत जरा कमी सुखी आणि अंतिमला दुःखी, असा प्रवास एका दिवाळीत होतो. म्हणून नवस बोलताना नीट बोला. 'यंदा चांगलं पिकू दे' असं मोघम मागू नका. परळीच्या वैद्यनाथाला स्पष्ट सांगा : एकोणपन्नास. एकावन्न पिकलं तर मेलो, कारण एकावन्न पैशांत घर चालत नाही आणि सवलतही मिळत नाही. २०१६ ला केंद्रानं दुष्काळ संहिता आणली, तिच्यात उपग्रहावरून हिरवाई बघतात. तुमच्या बांधावर बाभळी आणि वेड्या बाभळी माजल्या असतील तर आकाशातून ते बरं दिसत असेल का, या काळजीनं काही लोकांनी कुऱ्हाडीला धार लावल्याचं ऐकतो. ऐकीव आहे, पण शहाणपणाचं आहे.

पेरा आता तुम्हीच नोंदवायचा. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनापासून ई-पीक पाहणी सुरू आहे. वावरात उभं राहून मोबाइलवर फोटो. रेंज बांधावर नसते, ती टेकाडावर असते, आणि टेकाडावरून काढलेल्या फोटोत दुसऱ्याचं वावर येतं. तोच फोटो टाका. पीक विम्याबाबत जास्त बोलत नाही. काही हंगामांत आपल्याकडे पेरलेल्यापेक्षा विमा उतरवलेलं क्षेत्र मोठं निघालं, अशा बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. जमीन आकसत चालल्याच्या काळात हे कौतुकास्पदच : राज्यात एका खातेदाराची सरासरी जमीन १९७०-७१ ला ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ ला १.३४ उरली. भावाभावांत वाटण्या होऊन जे गेलं ते विम्याच्या अर्जात परत मिळालं.

बाकीचे तक्ते भराभर उरकू. साक्षरता ७७ टक्के. वाचता येतं का, असं विचारतात, वाचायला देत नाहीत. तेव्हा निःशंक 'हो' म्हणा. नळजोडणी : नळ आहे का, एवढाच प्रश्न समजा. पाण्याचा हट्ट धरलात तर तुम्ही दुसऱ्या तक्त्यात जाल. संडास : राज्य २०१८ लाच हागणदारीमुक्त जाहीर झालंय, त्यामुळे आत ठेवलेला कडबा पाहुणे आल्यावर झाका. रेल्वे : बीड शहरात गाडी आली २०२५ च्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून. पण तक्त्यात जिल्ह्याला रेल्वे आधीपासून होतीच, कारण परळी आपल्यातच. बीडकर उगाच इतकी वर्षं मोर्चे काढत राहिले. रेल्वे आणि पाणीपुरवठा हे एरवी वेगळ्या पानांवरचे विषय. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची गाडी आणून लातूरनं ते एका पानावर आणले. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आहे आपल्या केज तालुक्यात, म्हणजे कोरडं पडण्याचा मान तरी आपलाच.

पशुगणना २०१९ ला झाली. म्हणजे तुमच्या बैलाची माहिती तुमच्याहून आठ वर्षांनी ताजी आहे. बारा आकड्यांचा बिल्लाही कानात आहे. योजनेच्या रांगेत दोघं गेलात तर त्याला पुढे उभं करा.

एका तक्त्यात मात्र जिल्ह्यानं मनापासून मेहनत घेतली. सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली : २००१ ला ८९४, २०११ ला ८०७. राज्यात सगळ्यात तळाला. पाऊस, धरण, रेल्वे, विकास मंडळ यांच्यावर ढकलता येणार नाही असा हा एकच आकडा. यात मुंबईचा हात नाही, पश्चिम महाराष्ट्राचा नाही, दांडेकर समितीनं मोजलेल्या विकासाच्या अनुशेषाचा तर नाहीच नाही. सोनोग्राफीला पैसे आपल्याच खिशातून गेले. त्या साली जन्मलेली पोरं आता स्थळं बघायच्या वयाला येतील, आणि बाप म्हणतील, पोरीच नाहीत हो हल्ली. त्यांना पान नंबर सांगा.

आता पुढची तयारी. नवी जनगणना ठरली आहे. माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीत, २०२७ च्या. कारखाने तेव्हा जोरात असतात, त्यामुळे तुमचा पत्ता पक्का आहे. मुकादमाकडे सुट्टी मागू नका, खाडा पडेल. प्रगणक गावच्या घरी येईल तेव्हा दारात आजीच असणार, म्हणून तिला आत्ताच पढवून ठेवा. घरात किती जण, असं विचारल्यावर 'मी अन् शेळी' म्हणायचं नाही. शेळी दुसऱ्या खात्याकडं असते.