टाकी धुवायची की बदलायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

जुन्या बजाज चेतक स्कूटरची गंजलेली पेट्रोलची टाकी घरी कशी धुवायची यावर मी लिहिलं, त्यावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन. पुण्यात नाना पेठेत नवी टाकी मिळत असताना गंजलेल्या टाकीवर सुट्टीचा दिवस घालवण्यात अर्थ नाही. ॲसिडने पत्रा पातळ होतो आणि महिन्याभरात गंज परत येतो. आणि घरी पेट्रोल हाताळायला लोकांना सांगणं बेजबाबदारपणाचं आहे. शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंत, की तुम्ही स्वतः गेल्या वर्षी टाकी बदललीत, तरी पावसाळ्यानंतर गाडी पुन्हा मिसिंग मारायला लागली, पण 'ते कार्बोरेटरचं आहे'. मला तुमच्या पत्रातली ही ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिच्याकडे येतो, आधी ॲसिडचं बोलू.

हार्डवेअरच्या दुकानात फरशी धुवायला जे ॲसिड मिळतं, त्याबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. गंज संपला की ते पत्र्याला लागतं, आणि उघडा पडलेला पत्रा हवेत तासाभरात लालसर होतो. म्हणूनच मी ते सुचवलं नव्हतं. मी सांगितलं होतं ते लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरला साधारण ५० ते १०० ग्रॅम, कोमट पाण्यात. ते हळू काम करतं, रात्रभर ठेवावं लागतं, पण पत्र्याला फारसं खात नाही. फॉस्फोरिक ॲसिडही चालतं. ते पत्र्यावर फॉस्फेटचा पातळ थर सोडतं आणि तो थर थोडे दिवस तरी गंज रोखतो.

महिन्याभरात गंज परत येतो तो बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. टू-स्ट्रोक गाडीच्या टाकीत वर्षानुवर्षं ऑइल मिसळलेलं पेट्रोल असतं, त्याचा चिकट थर गंजावर बसलेला असतो. तो न काढता ॲसिड ओतलं तर ते गंजापर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, मग मूठभर लहान नट टाकून टाकी सगळ्या बाजूंनी हलवायची. नट मोजून टाकायचे आणि मोजून बाहेर काढायचे. टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोल चालू-बंद करायची चावी, आधीच उतरवून त्या जागी रबरी बूच बसवायचं. मग लिंबूसत्वाचं पाणी काठोकाठ भरायचं, कारण अर्धी टाकी भरली तर वरचा भाग तसाच राहतो. ते ओतून दिल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा धुवायचं, साध्या पाण्याने धुवायचं, आणि लगेच कोरडं करायचं. पुण्याचं एप्रिलमधलं ऊन याला उत्तम. कोरडी झाल्या झाल्या थोड्या पेट्रोलमध्ये जरा जास्त ऑइल घालून आतून फिरवायचं आणि टाकी भरून ठेवायची. ही शेवटची पायरी लोक उद्यावर ढकलतात, आणि उद्यापर्यंत टाकी परत लाल झालेली असते.

आतून इपॉक्सीचं, म्हणजे कडक होणाऱ्या रेझिनचं, कोटिंग करावं का, असंही तुम्ही विचारलंत. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल सोसणारं कोटिंग आहे अशी खात्री नसेल तर करू नये. ते सुटायला लागलं की त्याचे पापुद्रे जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकात, अडकतात, आणि ते काढणं गंज काढण्यापेक्षा कठीण.

धोक्याबद्दल मी तुमच्या बाजूचा आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि उणे ४० अंशांच्याही खाली पेट घेण्याइतकी वाफ तयार होते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक, कारण ती वाफेनेच भरलेली असते. आपल्याकडे फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत गॅस गीझर असतो. तिथे टाकी कधीही उघडू नये. मोकळं अंगण किंवा गच्ची नसेल तर हे काम घरी करूच नये. भोक बुजवायला वेल्डिंग करायचं असेल तर ते टाकी धुऊन, पाणी भरून काम करणाऱ्या जाणकाराकडेच. काढलेलं पेट्रोल गटारात ओतायचं नाही, तिथेही वाफच साठते.

पण मेकॅनिककडे दिलं की प्रश्न सुटतो असं मला वाटत नाही. गर्दीच्या गॅरेजमध्ये बहुतेक वेळा कॉकमधून हवा मारतात, पाइपमध्ये फिल्टर घालतात आणि गाडी परत देतात. चेतकमध्ये पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, पंप नाही. घट्ट कागदी फिल्टर घातला तर चढावर इंजिनाची उपासमार होते. कात्रजच्या घाटात गाडी दम तोडते आणि दोष प्लगला दिला जातो.

टाकी बदलायला माझा विरोध नाही. अंधाऱ्या खोलीत, टाकी धुऊन पूर्ण कोरडी आणि वास जाईपर्यंत मोकळी ठेवल्यावर, आत छोटा एलईडी टॉर्च सोडायचा. खालच्या जोडावर प्रकाशाचे ठिपके दिसले किंवा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पत्रा दबला, तर टाकी संपली. अशी टाकी धुवत बसू नये. पण नवी घेतानाही तोच टॉर्च खिशात असू द्या. पुण्याजवळ आकुर्डीला १९७२ पासून बनलेली ही पेट्रोलवरची चेतक बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. दुकानात मिळतो तो एकतर जुना साठा, जो कपाटात पडून आतून गंजलेला असू शकतो, किंवा नक्कल, जिचा पत्रा पातळ आणि बोल्टची भोकं जरा सरकलेली. जुन्या बाजारातली टाकी तर आत पाहिल्याशिवाय हातात घेऊ नये. आणि ज्याचा मूळ पत्रा अजून ठणठणीत आहे त्याने तो भंगारात घालावा, हे मला पटत नाही. तसा जाड पत्रा आता मिळत नाही.

आता तुमची गाडी. नवी टाकी, पावसाळा, आणि मग मिसिंग. हे कार्बोरेटरमध्ये दिसतं, पण तिथे सुरू झालेलं नसावं. २०२३ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. तुम्ही कॉक रिझर्व्हवर, म्हणजे तळाचं राखीव पेट्रोल घ्यायच्या खुणेवर, केलात की इंजिनाला नेमका तळाचा, ऑइल नसलेला थर मिळतो. टू-स्ट्रोक इंजिन जाम व्हायला एवढं पुरतं. त्यामुळे यात चालढकल करू नका.

पाणी आलं कुठून, ते शोधा. चेतकच्या टाकीचं झाकण सीटखाली असतं. सीटचं कव्हर फाटलं असेल तर फोम पाणी पितो आणि थेंब थेंब झाकणावर सोडतो. झाकणाचं रबरी पॅकिंग कडक झालं असेल तर ते थेंब आत जातात. टाकी बदलताना जुनंच झाकण बसवलं होतं का, हे आठवून पाहा. झाकणातलं हवेचं भोकही बुजलेलं नाही ना ते बघा. ते बुजलं तर गाडी चार किलोमीटर चालून थांबते, झाकण उघडलं की आत हवा शिरल्याचा आवाज येतो आणि गाडी परत सुरू होते.

तर कार्बोरेटर उघडायच्या आधी गाडी मोकळ्या जागेत रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी न हलवता कॉक रिझर्व्हवर करून पाइपमधून पाव लिटर पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि ती बाटली तासभर तशीच राहू द्या. तळाशी वेगळा थर दिसला तर फोटो पाठवा आणि तोपर्यंत गाडी चालवू नका. थर दिसला नाही, तर कार्बोरेटरबद्दल तुमचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता बरीच वाढते, आणि मग आपण पायलट जेटपासून, म्हणजे कमी वेगाला पेट्रोल देणाऱ्या जेटपासून, सुरुवात करू.